काळी चार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र मला आले तेव्हा त्यात 'इतिहासावर बोला' एवढेच लिहिले होते. माझ्यासारख्याला इतिहासावर बोलावयास सांगितले म्हणजे संपांचा आणि मोर्च्यांचा इतिहास तो सांगेल असा त्यांचा कयास असावा. माझी शाळा सातवीला सुटली. त्यापुढचे जे वाचन झाले ते एस.टी.च्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहता पाहता झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या व्यासपीठांवर वेदान्तापासून विमानविद्येपर्यंत सर्व काही बोलून झाले आहे. आज मी एका ड्रॅगनबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव 'काळी चार'. आपण हसलात हे बरे झाले. मीही पहिल्यांदा हसलोच होतो.

विसरवाडी हे नवापूर तालुक्यातले गाव. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता तेथून जातो आणि पूर्वेला कोंडाईबारीचा घाट लागतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याची वाटणी झाली, तेव्हापासून आम्ही कागदोपत्री नंदुरबारचे. मजुरीच्या हिशेबाने मात्र अर्धे गुजरातचे. दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबे ऊस तोडण्यासाठी सुरत-बारडोलीकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांच्यात संघटनेचे काम करणे हा माझा धंदा. आपण सुशिक्षित मंडळी त्याला 'कार्य' म्हणता. मला धंदा हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

अशाच एका घरी दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी बसलो होतो. बाप उचलीचा हिशेब सांगत होता आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी कोपऱ्यात थोरल्या भावाच्या मोबाईलवर वाकून काहीतरी करीत होती. 'काय गं, अभ्यास का?' असे विचारल्यावर तिने पडदा माझ्याकडे फिरविला. पडद्यावर हिरवट रंगाचा, पंख मिटलेला एक सरडा बसला होता. 'सरडा नाही काका, ड्रॅगन आहे. मी पाळला आहे. अंड्यात होता तेव्हापासून.' त्याला दिवसातून दोनदा खायला घालायचे, रात्री दिवा मालवून निजवायचे आणि अधूनमधून पाठीवरून बोट फिरवायचे. इतके केले की तो वाढतो. चार दिवस विसरला तर राखाडी होऊन पुन्हा अंड्यात जातो आणि मग सारे पहिल्यापासून. नाव विचारले तर म्हणाली, 'काळी चार.'

हिरव्या ड्रॅगनला काळी का म्हणावे? तिच्या शाळेत पंधरा ऑगस्टची गाणी बसवावयास पेटीवाले मास्तर आले होते. त्यांनी एकेका मुलीला 'सा' लावावयास सांगितले, पेटीवर बोट ठेवून पाहिले आणि हिच्याबद्दल म्हणाले, 'हिचा आवाज काळी चारचा. छान आहे.' हे वाक्य तिने घरी आणले आणि ड्रॅगनला देऊन टाकले. आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या मोबाईलचा कर्णा कधीच फुटला होता. आवाजाचे नाव मिळालेला हा ड्रॅगन मुका होता.

चुलीपाशी बसलेली आजी हे सर्व ऐकत होती. तिने पडद्याकडे एकदा पाहिले आणि एवढेच विचारले, 'या मगरीला देता काय?'

तेव्हा मी उठून आलो. पण ते नाव आणि तो प्रश्न डोक्यातून जाईनात. पुढे वर्षभर सवड मिळेल तसे दोन्हींच्या मागे लागलो. जे हाती आले ते आपल्यापुढे मांडतो.

आधी नाव. युरोपातील गायनात माणसाच्या आवाजाला नावे आहेत. सोप्रानो म्हणजे वरचा, बास म्हणजे खालचा. टेनर हा शब्द लॅटिनमधील 'धरून ठेवणे' या अर्थाच्या धातूपासून आला. प्रार्थनेची मूळ चाल लांबवून धरून ठेवणारा तो टेनर. त्याच्याविरुद्ध चालणारा एक आवाज पंधराव्या शतकात दोन ठिकाणी फुटला, उंच आणि खोल. त्यातल्या उंचाचा पुढे आल्टो झाला. आल्टो म्हणजे उंच, आणि आज गाणाऱ्या बायकांत खालचा आवाज तोच! टेनरच्या वर असतो म्हणून तो उंच ठरला. गिरणीतल्या जॉबरसारखेच हे झाले. कामगाराला तो साहेब, साहेबाला तो कामगार. तर ही नावे हुद्द्यांची आहेत. चौघांनी मिळून गावयाचे, तेव्हा कोणी कुठे उभे राहावयाचे हे ती सांगतात. एकटा माणूस रानात गात असेल तर तो कशाच्या वर आणि कशाच्या खाली?

आपल्याकडे गवई एकटा बसतो. त्याला वरच्या-खालच्याची गरज नाही, त्याला पाय कुठे रोवायचा ते हवे. तो पाय म्हणजे षड्ज. आपला सा आपल्या गळ्याला मानवेल तिथे धरावा आणि तंबोरा त्याला जुळवून घ्यावा, ही जुनी रीत. मिरजेत ज्या शिकलगारांनी ही वाद्ये घडविण्यात नाव कमावले त्यांचा मूळ व्यवसाय हत्यारांना धार लावण्याचा होता. राज्ये गेली, तलवारींचे काम संपले आणि ते तंतुवाद्यांकडे वळले. त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. कारागिरांच्या हातून धंदा गेल्यावर ते काय करतात याचा इतका गोड दाखला दुसरा मला सापडलेला नाही. आमच्या गिरणीवाल्यांना असे तंबोरे मिळाले नाहीत. असो.

तंबोऱ्याच्या काळात 'काळी चार' हा शब्द असणे शक्यच नव्हते, कारण तंबोऱ्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नसतात. त्या आल्या पेटीबरोबर. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेतले. पायाने भाता चालवावयाचे ते जड वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल असे केले, आणि मग ते नाटकमंडळ्यांत, कीर्तनात, लावणीच्या फडात आणि भजनी मंडळात असे काही शिरले की ते परदेशी आहे हेच लोक विसरले. या पेटीने गायकाच्या पायाला क्रमांक दिला. सप्तकातली पहिली काळी, दुसरी काळी, अशी मोजणी झाली. पुरुषाचा सा सामान्यतः काळी एकच्या आसपास आणि बाईचा काळी चार-पाचकडे, हे बोलीत रुळले. नियम म्हणून धराल तर फसाल. गंगूबाई हनगलांचा आवाज घशावरील उपचारानंतर इतका भारदस्त झाला होता की प्रथम ऐकणाऱ्याला बाई गाताहेत हे सांगावे लागे.

पंडितांना ही पेटी फारशी रुचली नाही. तिचे स्वर ठाशीव असतात, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली. ती उठावयास तीसएक वर्षे लागली. त्या सगळ्या काळात आमच्या वाड्या-पाड्यांवरची भजने पेटीवरच चालली होती. बंदी घालणाऱ्याच्या कानावर ती पडत नव्हती, आणि भजन करणाऱ्याला बंदीचा पत्ता नव्हता.

भजनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७२ साली आमच्या शेजारी शहाद्याकडे श्रमिक संघटना उभी राहिली. तीत अग्रभागी असलेले अंबरसिंग सुरतवंती भिल्ल समाजात भजने म्हणत हिंडलेले होते. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. त्या वेळी मी पाळण्यात होतो. ऐकले ते मागाहून, म्हाताऱ्यांकडून. आज संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पत्रक येते. वाचता न येणाऱ्या माणसांची संघटना गळ्यातून बांधावी लागते. शाहीर अमर शेखांच्या आवाजाला लोकांनी 'पहाडी' म्हटले, तेही आवाजाचे नामकरणच. तो आवाज हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचे. पेटीवाल्या मास्तरांच्या वहीत त्या नावाला पट्टी नाही.

आणि तिसरी नावे गंधर्वांची. गंधर्व हा माणूस नव्हे; देवसभेत गाणारी ती कल्पनेतली जात. महाभारतात अर्जुन स्वर्गात जातो तेव्हा चित्रसेन नावाचा गंधर्व त्याला नृत्य-गायन शिकवतो. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पुण्यात गायला, तेव्हा लोकमान्यांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले असे सांगतात. पुढे रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व झाले. महाराष्ट्राने पिढ्यान्-पिढ्या एकच केले. आवाज फार आवडला की त्याला एका काल्पनिक प्राण्याचे नाव द्यावयाचे.

आमच्या विसरवाडीच्या मुलीने हे नेमके उलटे केले. तिच्याजवळ काल्पनिक प्राणी होता, त्याला तिने आवाजाचे नाव दिले. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात होतो. तारीख पुढची मिळाली, तरी त्या दिवशी मला वाईट वाटले नाही.

आता आजीचा प्रश्न. ड्रॅगनला तिने मगर म्हटले यात तिची चूक नव्हती. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या तापी जिल्ह्यात सोनगड तालुक्यात देवलीमाडी येथे मगरीच्या लाकडी मूर्तीची पूजा होते. मोगरा देव म्हणतात. गामीत, चौधरी, वसावे असे आदिवासी समाज त्या भागात या देवाला मानतात. राज्यांची सीमा मधून गेली म्हणून नातीगोती आणि देव बदलले नाहीत. सुताराने लाकडाची मगर कोरावयाची, खांबावर बसवावयाची, शेंदूर लावावयाचा, पीक आले की नवे धान्य आधी तिला दाखवावयाचे. जवळच तापीवर उकाई धरण १९७२ साली पुरे झाले. त्यात गावे बुडाली आणि जिवंत मगरींना मात्र भरपूर पाणी मिळाले. आजीच्या दृष्टीने लाकडाची मगर आणि काचेमागची मगर यांत मोठा फरक नव्हता. न खाणाऱ्या प्राण्याला माणूस खायला घालतो, आणि त्याची एक रीत असते. म्हणून तिने विचारले, देता काय.

ही रीत आपण सारेच पाळतो. पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचे बैल आणून त्यांना पुरणपोळी दाखवतो. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढून त्याला दूध-लाह्या वाहतात. नागपूरकडे पोरांचा तान्हा पोळा असतो, त्यात लाकडी बैलाला चाके लावून ओढतात. तेव्हा 'हल्लीची मुले खोट्या प्राण्यात गुंतली' असे म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या देव्हाऱ्याकडे पाहावे. एक फरक मात्र आहे. मातीचा बैल वर्षातून एक दिवस खातो आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन पावतो. तो रात्री दोन वाजता ओरडून उठवीत नाही.

चित्रातल्या प्राण्याने बाजारात केव्हा पाय ठेवला याचा शोध घेता घेता मी एका कुत्र्यापाशी आलो. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. तबकडीच्या मधोमध, कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला. त्याचे नाव निपर. फ्रान्सिस बरो या इंग्रज चित्रकाराचा तो घरचा कुत्रा. कुत्रा १८९५ साली मेला, चित्र त्यानंतर रंगले, आणि ग्रामोफोन कंपनीने चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांना घेतले. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने कर्ण्यासमोर गाऊन शेवटी आपले नाव स्वतःच सांगितले, कारण तबकडी कोणाची हे दूरदेशच्या कारखान्यात कळावे. मग कित्येक वर्षे आपल्या थोर गायक-गायिकांचे आवाज त्या मेलेल्या कुत्र्याच्या चित्राखाली घरोघर फिरत राहिले. आवाज आणि चित्रातला पाळीव प्राणी यांची जोडी अशी शंभर वर्षांहून जुनी आहे. शंभर पौंडांत चित्राचा व्यवहार पुरा झाला. कुत्र्याने मात्र कंपनीची नोकरी पुढे शतकभर केली.

१९७५ साली अमेरिकेत गॅरी डाल नावाच्या जाहिरातवाल्याने साधे गोटे खोक्यात, गवतावर बसवून, 'पाळीव दगड' म्हणून विकले. सोबत दगडाला कसे शिकवावे याचे पुस्तक. 'बस' म्हटले की तो बसतो! लोकांनी धडाधड घेतले. या गृहस्थाचा मला राग येत नाही. त्याच्या दगडाने कोणाचा वेळ खाल्ला नाही.

वेळ खाणारा प्राणी जन्मला जपानात. नोव्हेंबर १९९६ मध्ये बांदाई कंपनीने अंड्याच्या आकाराचे एक खेळणे बाजारात आणले, 'तामागोची'. तामागो म्हणजे अंडे. अकिहिरो योकोई आणि आकी माइता या दोघांची ती कल्पना. चिमुकल्या पडद्यावर ठिपक्यांचा एक जीव अंड्यातून निघे, भूक लागली की टीटी करी, घाण करी ती साफ करावी लागे, आजारी पडला तर औषध द्यावे लागे. दुर्लक्ष झाले तर तो मरे. पुढच्या वर्षी हे वेड जगभर पसरले, आणि शाळेच्या वर्गात खेळणी ओरडू लागल्यामुळे अनेक ठिकाणी शाळांना त्यांवर बंदी घालावी लागली.

१९९७ सालचे 'इग नोबेल' पारितोषिक या दोघांना मिळाले. हे खऱ्या नोबेलची थट्टा करणारे पारितोषिक आहे. आधी हसवील आणि मग विचार करावयास लावील अशा कामाला ते देतात. शाखा होती अर्थशास्त्राची. कारण असे की, माणसांच्या कामाचे लक्षावधी तास त्यांनी नसलेल्या जनावरांच्या संगोपनाकडे वळविले. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. आयुष्यभर मी कामाचे तास मोजत आलो आहे. आठ तासांचा दिवस, जादा तासाला दुप्पट मजुरी, पाळीची सुटी, हे सगळे तासांचेच भांडण. आणि इथे लक्षावधी तास, तेही बहुतेक मुलांचे, कोणी मजुरी न मागता, वर खेळण्याची किंमत मोजून, देऊन टाकले होते. आणि त्याची नोंद घेतली ती विनोदी मंडळींनी!

पुढची पावले भराभर पडली. १९९९ साली इंग्लंडमधील एका तरुण जोडीने 'निओपेट्स' काढले. आता प्राणी खेळण्यात न राहता दूरच्या यंत्रात राहू लागला आणि मूल त्याच्याकडे जाऊ लागले. २००५ साली एका बड्या अमेरिकन कंपनीने ते १६ कोटी डॉलरना विकत घेतले. विकत काय घेतले? जनावरे तर नव्हतीच. मुलांचे रोज तिथे येणे विकत घेतले. २००६ सालच्या 'ड्रॅगन केव्ह' या खेळात तर ड्रॅगनचे अंडे उबवावयाला लोकांची नजर लागते. जितके लोक पाहतील तितके ते लवकर फुटते, आणि मुदतीत पुरेशा नजरा पडल्या नाहीत तर ते मरते. आपल्याकडे नजर लागली की मूल आजारी पडते. इथे नजर लागली नाही तर मरते. पाहणे हे श्रम आहेत ही गोष्ट इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणी मांडलेली नाही, आणि या खेळाच्या कर्त्याला ती आमच्या आधी कळली होती.

इथपर्यंत माझा विचार मला सरळ दिसत होता. मुलांचा वेळ लुटला जातो, दुसरे काय. त्या मुलीच्या बापाशी या विषयावर बोलावे असेही मी ठरविले होते. नंतर जे घडले त्याने तो विचार मोडला.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला निघाले. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. कोयता दोघांचा धरला तरी मागे तान्हे पोर सांभाळावयाला तिसरे कोणी लागतेच, आणि त्या तिसऱ्याचे नाव मुकादमाच्या वहीत नसते. या घरी तान्हा होता नऊ महिन्यांचा. आजीच्याने चालवेना. म्हणून शाळा सोडून मुलगी निघाली. ट्रक निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर तिने दोन ओळी लिहिल्या. एक खेळात शिरण्याचे नाव, दुसरी गुप्त शब्द. 'पडावावर चार्जिंग नसतं, काका. तुमच्या मोबाईलवर उघडेल. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्री दिवा मालवा.' बापाशी जे बोलावयाचे म्हणून मी ठरविले होते ते बोललो नाही. त्या पोरीला उद्यापासून एक जीव खरोखरच सांभाळावयाचा होता, तोही रात्री दोन वाजता ओरडणारा. तिला मी कोणत्या तोंडाने सांगावे की बाई, तू तुझा वेळ फुकट घालवतेस?

तेव्हापासून काळी चार माझ्याकडे आली. बावन्न वर्षांचा माणूस, खिशात वसुलीच्या पावत्या, आणि सकाळी चहाच्या टपरीवर बसून ड्रॅगनला दाणा घालतो आहे. सोबत्यांनी पुष्कळ चेष्टा केली. मी डायरीत रोज एक खूण करू लागलो; दोनदा दिले तर दोन रेघा. पहिल्या आठवड्यात मला ते हास्यास्पद वाटले, दुसऱ्यात कटकट, आणि महिना उलटल्यावर संध्याकाळी बस चुकली तरी ते चुकू नये असे वाटू लागले. आपण जनावर पाळतो की जनावर आपल्याला, हा प्रश्न गोठ्यात पहाटे चारला उठणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

जानेवारीत मी पडावावर गेलो. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, मध्ये धूर. मजुरीच्या हिशेबाची बैठक रात्री व्हायची होती, कारण दिवसा सगळे फडात. मुलगी झोपडीबाहेर झोळीला दोरी बांधून ती पायाच्या अंगठ्याने हलवीत होती आणि हातांनी मिरच्या खुडीत होती. मी मोबाईल दाखविला. ड्रॅगनचे पंख उघडले होते. तिने पाहिले, बोट फिरविले. मग झोळीकडे पाहत म्हणाली, 'हा काळी पाचमध्ये रडतो.' मी विचारले, 'तू गातेस की नाही?' 'गाते की, याला निजवायला. पण हळू. आई-बाबा थकून झोपलेले असतात ना.' पेटीवाल्या मास्तरांनी ज्या गळ्याला छान म्हटले होते तो त्या मोसमात हळू गात होता.

फेब्रुवारीत एका ठिकाणी मजुरीवरून काम थांबले. वाटाघाटी, निवेदने, अधिकाऱ्यांच्या दारात बसणे, यांत चार दिवस आणि चार रात्री गेल्या. त्या चार दिवसांच्या माझ्या डायरीत सभांच्या नोंदी आहेत, कोणी काय कबूल केले ते आहे, चहा किती झाला तेही आहे. रेघा मात्र नाहीत. पाचव्या दिवशी मोबाईल उघडला तो पडद्यावर राखाडी अंडे. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खोटे सांगत नाही, दोन रेघा मागाहून ओढून टाकाव्या असे माझ्या मनात येऊन गेले. उन्हात तापलेले ते पान मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. मुकादम जेव्हा हजेरीच्या वहीत मागाहून रेघा ओढतो तेव्हा त्याच्याही मनात असेच काहीतरी येत असेल.

होळीला ते कुटुंब परत आले. होळीसाठी आमची माणसे कुठूनही येतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगी दारात उभी. मी काही न बोलता मोबाईल आणि डायरी दोन्ही पुढे केली. ड्रॅगन अंड्यातून नुकताच निघाला होता, पंखांचा पत्ता नव्हता. तिने पडद्याकडे फारसे पाहिले नाही. डायरी घेतली, उंबऱ्यावर बसली आणि दिवाळीनंतरच्या पानापासून एकेक रेघ बोटाने मोजू लागली. फेब्रुवारीच्या त्या पानांवर ती थांबली. 'हे चार दिवस?'

मी सांगितले, काम थांबले होते, तुझ्या बापाच्या मजुरीसाठीच बसलो होतो.

'मग मिळाली का मजुरी?'

थोडी वाढली, म्हणालो.

तिने चारही पानांचे कोपरे दुमडले, पेन मागून घेतले आणि प्रत्येक पानावर सुबक अक्षरात 'खाडा' असे लिहिले. मग खाली माझी सही घेतली.